गर्दीला डोके असते का?

या लेखासाठी एक काचेची बरणी लागेल आणि घरात असतील तेवढे वाळलेले वाटाणे. वाटाणे नसले तर हरभरे किंवा चिंचोकेही चालतील. दाणे साधारण एका आकाराचे असले म्हणजे झाले. ते मोजून बरणीत भरा. संख्या कागदावर लिहून तो कागद घडी करून शिक्षकांजवळ द्या आणि बरणी वर्गातल्या टेबलावर ठेवा. आता प्रत्येकाने बरणीत किती दाणे असतील याचा अंदाज चिठ्ठीवर लिहायचा. अट एकच : कोणी कोणाशी बोलायचे नाही आणि शेजाऱ्याच्या चिठ्ठीत डोकवायचे नाही.

चिठ्ठ्या गोळा झाल्या की अंदाज चढत्या क्रमाने लावा व मधोमध येणारा अंदाज शोधा. गणिताच्या तासाला तुम्ही त्याला मध्यक म्हणता. कोणी तीनशे लिहिले असेल, कोणी पाच हजार. तरी हा मध्यक निदान निम्म्या वर्गाच्या अंदाजांइतका किंवा त्यांहून खऱ्या संख्येच्या जवळ असतोच (का, ते संख्यारेषा काढून पाहा), आणि पुष्कळदा तो आश्चर्य वाटावे इतका जवळ येतो.

ही गंमत प्रथम नीट मोजली गेली ती एका बैलावर. १९०६ साली इंग्लंडमधील प्लिमथ येथे जनावरांचे व कोंबड्यांचे प्रदर्शन भरले होते. तेथे एक धष्टपुष्ट बैल उभा केला होता. तो कापून साफ केल्यावर मांसाचे वजन किती भरेल, ते सहा पेन्सांच्या तिकिटावर लिहायचे आणि सर्वांत जवळच्या अंदाजाला बक्षीस, अशी स्पर्धा होती. सुमारे आठशे लोकांनी तिकिटे घेतली. त्यांत खाटीक होते, शेतकरी होते, तसेच बैलातले ओ की ठो न कळणारे हौशी लोकही होते. फ्रान्सिस गाल्टन हे शास्त्रज्ञ तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. सामान्य माणसाच्या बुद्धीबद्दल त्यांचे मत काही फारसे चांगले नव्हते. त्यांनी ती सगळी तिकिटे मिळवली, वाचता न येणारी तेरा बाजूला काढली आणि उरलेल्या ७८७ अंदाजांचा मध्यक काढला. तो आला १२०७ पौंड. प्रत्यक्ष वजन भरले होते ११९८ पौंड! फरक शेकडा एकाहूनही कमी. १९०७ साली ‘नेचर’ या साप्ताहिकात त्यांनी हा निष्कर्ष प्रामाणिकपणे छापला.

असे का व्हावे? प्रत्येक अंदाजात दोन भाग असतात : थोडेसे ज्ञान आणि थोडीशी चूक. ज्ञान सगळ्यांना एकाच दिशेला, खऱ्या उत्तराकडे ओढते. चुका मात्र वेगवेगळ्या दिशांना पसरतात. कोणी जास्त धरतो, कोणी कमी, आणि एकत्र करताना त्या पुष्कळशा एकमेकींना खोडून काढतात. पण हे केव्हा घडेल? चुका खरोखरच वेगवेगळ्या असतील तेव्हाच.

आता दुसरी फेरी घ्या. बरणीतले दाणे बदला. या वेळी चिठ्ठ्या नकोत. एकेकाने उठून मोठ्याने आकडा सांगायचा, आणि सुरुवात करायची ती गणितात नेहमी पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यापासून. समजा, तो म्हणाला ‘आठशे’. दुसऱ्याच्या मनात दोन हजार आले होते. पण पहिल्याचे ऐकून तो म्हणतो ‘नऊशे’. तिसरा ‘साडेआठशे’. फळ्यावरचे आकडे पाहिले तर वर्गात केवढे एकमत आहे असे वाटेल. प्रत्यक्षात तेथे चाळीस मते नाहीतच. एका मुलाचा अंदाज चाळीस तोंडांनी बोलतो आहे, आणि त्याची चूक खोडायला दुसरी चूकच शिल्लक राहिलेली नाही.

झुरिक येथील तंत्रविद्यापीठात नेमका असाच प्रयोग १४४ विद्यार्थ्यांवर करण्यात आला व तो २०११ साली प्रसिद्ध झाला. स्वित्झर्लंडचा भूगोल आणि तेथील गुन्हे यांविषयीचे आकडे त्यांना ओळखायचे होते. काहींना इतरांची उत्तरे दाखवली, काहींना नाही. ज्यांना दाखवली त्यांची उत्तरे फेरीगणिक एकमेकांजवळ सरकत गेली; पण खऱ्या उत्तराच्या जवळ काही विशेष गेली नाहीत. गेला तो आत्मविश्वास, आणि तोही वर! सगळे सारखेच म्हणतात म्हणजे आपले बरोबर असणार, असे प्रत्येकाला वाटू लागले. मला या प्रयोगातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. चूक तेवढीच राहते, पण तिच्याविषयीची शंका नाहीशी होते.

तुम्ही म्हणाल, दाण्यांची संख्या कोणालाच ठाऊक नसते, म्हणून दुसऱ्याचे ऐकले. डोळ्यांसमोर उत्तर दिसत असताना कोण ऐकेल? सॉलोमन ॲश या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी १९५१ च्या सुमारास हाच प्रश्न घेतला. त्यांनी एका कार्डावर एक रेघ काढली आणि दुसऱ्या कार्डावर वेगवेगळ्या लांबीच्या तीन. पहिल्या रेघेएवढी रेघ तिघींतली कोणती, एवढेच सांगायचे. लहान मूलही चुकणार नाही असा प्रश्न. एकट्याने उत्तर देताना लोक शंभरात एखाद्या वेळीही चुकत नसत. पण ॲश यांनी खोलीत सात-आठ माणसे बसवली. त्यांतला खरा परीक्षार्थी एकच. बाकीचे आधीच पढवून ठेवलेले. ठरल्याप्रमाणे ते सगळे एकामागून एक बेधडक चुकीची रेघ सांगत, आणि शेवटी याची पाळी येई. अशा वेळी दिलेल्या उत्तरांपैकी शेकडा सुमारे ३७ उत्तरे गटाच्या चुकीला मान डोलावणारी निघाली. चारांपैकी तिघे निदान एकदा तरी घसरले.

या प्रयोगाचे एवढेच अर्धे पुष्कळ पुस्तकांत सांगतात. उरलेले अर्धेही सांगायला हवे. चौथा माणूस एकदाही घसरला नाही. आणि पढवलेल्यांपैकी एकालाच खरे उत्तर द्यायला सांगितले, तेव्हा परीक्षार्थीच्या चुका पूर्वीच्या साधारण एक चतुर्थांशावर आल्या. बाकीचे सगळे विरुद्ध बाजूलाच होते. फक्त एक सोबती मिळाला.

बरणी आणि रेघ यांत एक सोय आहे. आपण काहीही म्हटले तरी दाणे वाढत नाहीत आणि रेघ लांब होत नाही. आता एक जादूची बरणी डोळ्यांसमोर आणा. तुम्ही मोठा आकडा सांगितला की तिच्यातले दाणे खरोखरच वाढतात; ते पाहून पुढचा आणखी मोठा आकडा सांगतो, की दाणे पुन्हा वाढतात. अशी बरणी असते. तिला शेअर बाजार म्हणतात.

शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा एक लहानसा वाटा. कंपनी किती माल विकते, किती नफा मिळवते, यांवर त्याची किंमत दीर्घ काळात ठरते. पण आजचा भाव ठरतो तो आज घेणारे जास्त की विकणारे, यावर. त्यामुळे पुष्कळ लोकांना ‘भाव वाढणार’ असे वाटले आणि त्यांनी खरेदी केली, की भाव वाढतोच. आमचे बरोबर होते, याचा तो पुरावा वाटतो. गणपतीच्या मंडपात ध्वनिक्षेपक चुकून कर्ण्यासमोर नेला तर काय होते ते तुम्ही ऐकले असेल. कर्ण्याचा आवाज ध्वनिक्षेपकात शिरतो, मोठा होऊन पुन्हा कर्ण्यातून बाहेर पडतो, पुन्हा आत शिरतो आणि क्षणात कानठळ्या बसवणारी शिटी सुरू होते. त्या शिटीत कोणाचे गाणे नसते आणि भाषणही नसते. यंत्र स्वतःचाच आवाज ऐकत असते.

अशी एक शिटी २०२१ च्या जानेवारीत साऱ्या जगाने ऐकली. अमेरिकेत गेमस्टॉप नावाची व्हिडिओ-खेळ विकणाऱ्या दुकानांची साखळी आहे. लोक खेळ इंटरनेटवरून घेऊ लागले तसा तिचा धंदा बसत चालला होता. मोठमोठ्या गुंतवणूक संस्थांनी तिचे शेअर उसने घेऊन विकून टाकले होते. भाव पडल्यावर स्वस्तात परत घ्यायचे व उसनवारी फेडायची, असा त्यांचा बेत. बाजारात फिरणाऱ्या शेअरांच्या संख्येपेक्षाही हे उसने विकलेले शेअर जास्त झाले होते! कीथ गिल नावाच्या गुंतवणूकदाराने कंपनीचे हिशेब वाचून वेगळे मत बनवले : ही कंपनी लोक समजतात तितकी मरणपंथाला लागलेली नाही. २०१९ पासून, भाव पाच डॉलरच्या आसपास असताना, त्याने तिच्यात सुमारे ५३ हजार डॉलर घातले, आणि आपली कारणे इंटरनेटवर लोकांना उघडपणे समजावून सांगितली. पुष्कळ जण त्याला हसले.

येथपर्यंत हा माणूस चिठ्ठीवर स्वतःचा आकडा लिहिणाऱ्या विद्यार्थ्यासारखा होता. पुढे भाव चढू लागला, उसने विकणाऱ्या संस्थांना घाबरून खरेदी करावी लागली, त्याने भाव आणखी चढला आणि लाखो लोक संगणकांवर व फोनवर एकत्र जमले. ४ जानेवारीला बाजार बंद होताना गेमस्टॉपचा भाव १७ डॉलर होता, २७ जानेवारीला ३४७ डॉलर, आणि दुसऱ्या दिवशी काही क्षण ४८३ डॉलर. गिलची गुंतवणूक त्या सुमारास चार कोटी डॉलरांहून अधिक झाली होती. आता कंपनीचे हिशेब कोण वाचतो! ‘तो अजून विकत नाही, मग आम्हीही विकणार नाही,’ असा जणू पाठच पडला होता. विकणाऱ्याचे हात ‘कागदाचे’ आणि धरून बसणाऱ्याचे ‘हिऱ्याचे’, असे शब्दच तयार झाले. भाव खूप चढला आहे असे म्हणणाऱ्याची टर उडवली जाई; तो शत्रूचा हस्तक ठरे. स्वतःचा तोटा शौर्यपदकासारखा मिरवणारेही निघाले. त्याच आठवड्यात काही दलाल कंपन्यांनी खरेदीवर बंधने घातली, त्यावरून मोठा गदारोळ झाला. ४ फेब्रुवारीला भाव ५३ डॉलरवर आला आणि १९ फेब्रुवारीला सुमारे ४० डॉलरवर. मार्चमध्ये तो पुन्हा उसळला, ही गोष्ट निराळी. पण ज्याने उसनवारी करून साडेतीनशेला घेतला होता त्याला तितके थांबायला सवड असेलच असे नाही.

या कथेत गिलला खलनायक ठरवणे मला पटत नाही. त्याने स्वतः विचार केला होता. त्याच्या अनुयायांनी त्याचे उत्तर तेवढे उतरवून घेतले, रीत घेतली नाही. शिवाय एक साधी गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटली. पाच डॉलरला घेतलेला गेमस्टॉप आणि साडेतीनशेला घेतलेला गेमस्टॉप, यांचे नाव एक असले तरी ते दोन निराळे सौदे आहेत. पहिल्यात चूक झाली तर पाच डॉलर जातात.

आता नायक कसा जन्मतो ते पाहू. त्यासाठी वर्गातल्या चाळीस जणांनी हातात एकेक नाणे घेऊन उभे राहायचे. सगळ्यांनी एकदम नाणे उडवायचे. ज्याचा काटा पडेल त्याने खाली बसायचे. साधारण वीस जण उभे राहतील. पुन्हा उडवा : दहा. मग पाच, मग दोन किंवा तीन. पाचव्या खेपेला बहुधा एखादाच उभा असेल. पाच वेळा ओळीने छापा! त्याला विचारा, ‘तू नाणे धरतोस कसे? अंगठा कोठे ठेवतोस?’ वर्ग हसेल, कारण इतर एकोणचाळीस जण खाली बसताना सगळ्यांनी पाहिले आहेत. पण समजा, ते एकोणचाळीस वर्गाबाहेर असते आणि तुम्हांला हा एकटाच दिसला असता, तर? बाजारात नेमके हेच होते. ज्यांचे अंदाज चुकले ते गप्प बसतात. ज्याचे दहा बरोबर आले तो बोलतो, त्याचे चित्र छापून येते, लोक त्याला गुरू म्हणतात. एक हजार चोवीस लोकांनी निव्वळ नाणे उडवून अंदाज केले, तरी त्यांतल्या सरासरी एकाचे दहाही बरोबर येणार. तुम्हीच १०२४ ला दहा वेळा दोनाने भागून पाहा.

भारतात याचे मोजमापही झाले आहे. ‘सेबी’ म्हणजे आपल्या शेअर बाजारांवर देखरेख करणारी संस्था. तिने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, वायद्याच्या व्यवहारांत (फ्युचर्स व ऑप्शन्स) उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींचे २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचे हिशेब तपासले. शंभरांतील ९३ जणांना तोटा झाला होता. तुमच्या थोरल्या भावाच्या फोनवर नफ्याची चित्रे येत असतील तर ती उरलेल्या सातांची आहेत, नाहीतर बनावट आहेत.

याच गणितावर एक जुनी फसवणूकही चालते. लबाड माणूस १०२४ लोकांचे पत्ते मिळवतो. निम्म्यांना कळवतो, ‘अमुक शेअर या आठवड्यात चढेल’, उरलेल्यांना, ‘उतरेल’. आठवड्याने ज्यांना खोटे कळवले गेले त्यांना तो सोडून देतो आणि राहिलेल्या ५१२ जणांची पुन्हा अशीच विभागणी करतो. पाच आठवड्यांनी ३२ माणसे अशी उरतात, की ज्यांना या ‘ज्योतिष्या’चे पाचही अंदाज तंतोतंत खरे आलेले दिसले आहेत. सहाव्या अंदाजासाठी तो पैसे मागतो. त्या बत्तिसांपैकी कोणालाही मूर्ख म्हणता येणार नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिले तेच मानले. सोडून दिलेले ९९२ जण मात्र त्यांना दिसले नव्हते.

फोन नव्हते तेव्हाही नायक होतेच. मुंबईत १९९२ साली हर्षद मेहता या दलालाला लोक ‘बिग बुल’ म्हणत. सिमेंट बनवणाऱ्या एसीसी कंपनीचा शेअर त्याच्या खरेदीने सुमारे २०० रुपयांवरून ९००० रुपयांच्या आसपास गेला. यासाठी त्याच्याजवळ एक उपपत्तीही होती : तसाच कारखाना आज नव्याने उभारायला जेवढा खर्च येईल, तेवढी कंपनीची किंमत धरावी. ऐकायला शास्त्रीय, पण जुन्या कारखान्याच्या सिमेंटला गिऱ्हाईक नव्या भावाने पैसे देणार आहे का, हे विचारणारे थोडे. तो ज्याला हात लावेल ते लोक डोळे मिटून घेत. त्याच्या खरेदीमागे बँकांचा पैसा होता, सरकारी रोख्यांच्या व्यवहारांच्या आडून आणि खोट्या पावत्यांच्या आधारे वळवलेला. सेन्सेक्स हा निर्देशांक २२ एप्रिल १९९२ रोजी ४४६७ वर पोहोचला होता. दुसऱ्याच दिवशी सुचेता दलाल या पत्रकार महिलेने ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये या व्यवहारांना वाचा फोडली आणि बाजार कोसळू लागला. पुष्कळ घरांतली पै-पै करून साठवलेली शिल्लक त्यात गेली.

हुशार माणसे अशा लाटेत सापडत नाहीत, असे मात्र समजू नका. १७२० साली इंग्लंडात ‘साऊथ सी’ कंपनीच्या शेअरांची अशीच लाट आली. खुद्द आयझॅक न्यूटन यांनी आपले शेअर वसंत ऋतूत चांगल्या नफ्याने विकले होते. पण भाव चढतच राहिला, आजूबाजूचे श्रीमंत होत राहिले, तेव्हा त्यांनी ते कितीतरी चढ्या भावाने पुन्हा घेतले आणि फार मोठा तोटा सोसला.

या मनोवृत्तीला इंग्रजीत ‘ग्रुपथिंक’ असे नाव आहे. आपण ‘समूहविचार’ म्हणू. हा शब्द विल्यम व्हाइट या लेखकाने १९५२ मध्ये वापरला आणि येल विद्यापीठाच्या आयर्व्हिंग जॅनिस यांनी १९७२ च्या आपल्या पुस्तकाने तो शास्त्रात रूढ केला. त्यांचे एक उदाहरण बाजारातले नाही, राजकारणातले आहे. १९६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने सुमारे चौदाशे निर्वासित क्यूबन सैनिकांना क्यूबाच्या किनाऱ्यावर उतरवले. तीन दिवसांत त्यांचा पाडाव झाला. हा बेत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्याभोवतीच्या अत्यंत बुद्धिमान माणसांनी संमत केला होता. त्यांतल्या आर्थर श्लेसिंजर या इतिहासकाराला बेत पसंत नव्हता. त्याने तसे खाजगी टिपणात लिहिलेही. पण बैठकीत तो गप्प राहिला, आणि त्याबद्दल पुढे स्वतःला दोष देत राहिला. ॲश यांच्या प्रयोगातला तो एक सोबती खोलीत होता. तो बोलला मात्र नाही.

आता बरणीची तिसरी फेरी राहिली. दाणे पुन्हा बदला. वर्गातल्या पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याला आधीच गुपचूप सांगून ठेवा, की त्याने खऱ्या संख्येच्या तिप्पट आकडा ठामपणे सांगायचा. अंदाज मोठ्याने घ्या व फळ्यावर लिहा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वर्गावर हाच प्रयोग करा. पण तेथे पाचव्या क्रमांकावर आणखी एक पढवलेला विद्यार्थी ठेवा, ज्याने ‘मला तर निम्मेसुद्धा वाटत नाहीत’ असे म्हणून वेगळा आकडा सांगायचा. दोन्ही वर्गांचे अंदाज क्रमाने आलेखावर मांडा आणि पाचव्यानंतर रेषेचे काय होते ते पाहा. शेवटी त्या पाचव्या विद्यार्थ्याला विचारा, सगळ्यांसमोर वेगळा आकडा उच्चारताना त्याला कसे वाटले. खरे उत्तर ठाऊक असूनही त्याचा आवाज कापला असेल, तर तेही नोंदवहीत लिहून ठेवा.